एका तबकडीची झीज

खंडाळ्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत तीन टर्नटेबलं आहेत. तिन्ही उत्तम चालतात, आणि गेलं दीड वर्ष मी त्यांतलं एकही लावलेलं नाही. कुणी विचारलंच तर सुई मागवली आहे, आली की ऐकू, असं सांगतो. सुई मागवलेली नाही. कपाटात चार सुया पडून आहेत.

माझी सगळी नोकरी तळेगावच्या बाजूच्या एका पंपांच्या कारखान्यात गेली. फिरणाऱ्या भागांचा तोल साधणं आणि मशीन का थरथरतं ते शोधून काढणं हे माझं काम. चाचणीला लावलेल्या पंपावर नाणं उभं ठेवायचं. ते पडलं की पंप माझ्याकडे यायचा. तीस-बत्तीस वर्षं हेच केल्यावर कानही तसाच होतो. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी डोक्यावरच्या पंख्याचं कुठलं पातं जड आहे ते मला आधी कळतं, शेजारी कोण बसलंय ते नंतर. बायको हे सगळ्यांना हसत सांगायची. मीही हसायचो. यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही या बैठ्या घरात राहायला आलो. रेकॉर्डी कॉलेजपासूनच्या होत्या. त्या वाजवायला एक यंत्र पुरलं असतं, पण एकाने मला प्रश्न घातला आणि त्याचं उत्तर शोधायला दुसरं आलं, मग तिसरं.

तबकडी फिरवायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिलीत मोटरचा दांडा एका रबरी चाकाला टेकतो आणि ते चाक थाळीच्या कडेला आतून घासून तिला फिरवतं. ताकद भरपूर, थाळी पटकन वेग घेते, पण मोटरची गुरगुर रबरातून थाळीत आणि थाळीतून सुईत उतरते. दुसरीत मोटर बाजूला, वेगळ्या ठोकळ्यात ठेवतात आणि रबरी पट्ट्याने थाळी ओढतात. मोटरची थरथर पट्टाच गिळून टाकतो. पण पट्टा ताणतो, सैल होतो, आणि गाण्यात जोराचा सूर आला की सुई खाचेत जास्त घासते आणि वेग केसभर ढळतो. तिसरीत थाळी थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलेली असते. मधे काही नाही. वेग क्षणाक्षणाला मोजून सुधारला जातो. काही लोक म्हणतात की ती सुधारणासुद्धा ऐकू येते. मला ती ऐकू येते का, हे मला ठरवायचं होतं.

घराची अडचण वेगळीच. आमच्या मागून रेल्वे जाते. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिनं लावतात, आणि ती जोर लावू लागली की आवाजाच्या आधी जमीन हलते. बशीतला चमचा किणकिणतो. ही हालचाल इतकी मंद असते की साध्या रबरी पायांना ती दाद देत नाही. उलट ती वाढते. मी जमिनीचा नादच सोडला. बाहेरच्या दगडी भिंतीत लोखंडी कंस ठोकून घेतले, त्यावर कडाप्प्याची फरशी, फरशीवर वाळूचा ट्रे, वाळूत दुसरी फरशी आणि तिच्याखाली स्प्रिंगा. स्प्रिंगा मऊ हव्यात, म्हणजे वरचं वजन इतकं सावकाश झुलतं की खालची थरथर वर पोचेपर्यंत विरून जाते. हे सगळं मी कारखान्यात शेकडो वेळा केलं होतं. घरी करताना फार आनंद झाला.

आता भाऊंबद्दल. ते आमच्या कारखान्यात लेथवर होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना भाऊच म्हणत, मीही. त्यांच्या हातात जी नजर होती ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. मी कागदावर जे माप लिहायचो ते लोखंडात आणायचे तेच. राहायला बेगडेवाडीला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वीस वर्षं आम्ही एकाच शेडखाली काम केलं, आणि मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. ते मात्र माझ्याकडे चार-पाच वेळा येऊन गेले होते, प्रत्येक वेळी मला काहीतरी हवं होतं म्हणून.

त्या वेळी मला पितळेची एक पुली हवी होती. पट्ट्याचं टर्नटेबल जुन्या तबकड्यांच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने फिरत नव्हतं. मोठी पुली बसवली तर फिरलं असतं. भाऊंनी ती निवृत्तीनंतर टाकलेल्या स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कातून दिली आणि बसवायलाही स्वतः आले. पट्टा चढवला, थाळी फिरू लागली. त्यांनी खाली वाकून पुलीकडे पाहिलं आणि मान हलवली. मग चहा झाला. कप खाली ठेवत ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडं एक तबकडी हाय. वडलांच्या आवाजाची. तुमच्याकडं वाजंल का?"

वडील त्यांचे रेल्वेत गँगमन होते, याच घाटात. छप्पन सालच्या बौद्ध धर्मांतरानंतरच्या वर्षांत गावोगाव जलसे होत, त्यात ते गाणी रचून म्हणत. भाऊ दोन वर्षांचे असताना ते काविळीने गेले. त्याच्या आधी एकदा पुण्यात जलसा झाला, तिथे एका रेडिओच्या दुकानदाराने त्यांना ऐकलं आणि आपल्या दुकानात बोलावून एका गाण्याची एक तबकडी कापून दिली. एकच. त्यांचा फोटोसुद्धा नाही, ही तबकडी तेवढी आहे.

"आई जपती ती," भाऊ म्हणाले. "साठ वर्सांत तीन येळा वाजलीय. दुकानदारानं सांगितलं व्हतं म्हनं, ही बाजारातल्यासारखी न्हाई, फार वाजवायची न्हाई, झिजती. चावीच्या फोनोवर तर लावायचीच न्हाई. आईनं कुनाला हात लावू दिला न्हाई. पर आता तिचं वय झालं. मोबाइलात घेतली तर तिला रोज ऐकता येईल."

पुढच्या आठवड्यात ते तबकडी घेऊन आले. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात वर्तमानपत्र, त्यात ती. मी कडेला हात लावून उजेडात धरली. काळ्या थराचा एक टवका कडेला उडाला होता आणि खाली ॲल्युमिनियम चमकत होतं. ही लाखेची, हे मला पाहताक्षणी कळलं. अशा तबकडीत खाच थेट मऊ थरात कोरलेली असते. प्रत्येक वेळी सुई फिरली की थोडा थर घेऊन जाते. म्हणजे दुकानदाराने सांगितलं होतं, भाऊंनी मला सांगितलं होतं, आणि मला स्वतःला माहीत होतं. हे तिन्ही मी मुद्दाम लिहितो आहे.

"आता लावता का?" भाऊंनी विचारलं.

"आधी धुवावी लागेल," मी म्हणालो. "जाड खाचेची सुई बसवायला हवी. कॉम्प्युटरला जोडणी करायला हवी. नीट करू, भाऊ. ठेवून जा."

ते थोडा वेळ बसले. मला वाटतं, एकदा तरी ऐकायला मिळेल अशी त्यांना आशा होती. मग लोणावळ्याहून लोकल पकडायची म्हणून उठले.

त्याच दुपारी मी तबकडी धुतली, सुई बसवली आणि लावून पाहिली. कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. आधी कच्चं ऐकू, मग पक्कं घेऊ, असा विचार. सुरुवातीला खरखर, मागे ढोलकी आणि टाळ, आणि मग तो आवाज आला. उंच, मोकळा, पुढे येणारा. कडव्याच्या शेवटी ते शेवटचा शब्द उचलायचे आणि धरून ठेवायचे, दहा-बारा सेकंद, साथ थांबलेली, नुसता आवाज. अजिबात न हलता.

तो सूर ऐकला आणि माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायलाच हवं. वेग किती स्थिर आहे हे तपासायला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं.

खरंच मिळालं नसतं. वाद्याचा सूर विरत जातो. या माणसाचा सूर सरळ रेघेसारखा होता. पट्ट्याच्या यंत्रावर तो सुरू होताना अगदी किंचित खाली बसला आणि सावरला. मी रबरी चाकाच्या यंत्रावर लावली: सूर भक्कम, पण खाली मोटरची गुरगुर. तिसऱ्यावर लावली: सूर ताठ. मग पुन्हा पट्ट्यावर, पट्टा थोडा ताणून. मग तबकडीचं भोक मध्यावर नाही असा संशय आला म्हणून ती दर वेळी थोडी सरकवून. मग स्प्रिंगा बदलून. मग मालगाडी जात असताना एकदा आणि गेल्यावर एकदा, म्हणजे भिंतीवरच्या फळीचा फरक कळेल. तुलना खरी व्हावी म्हणून सुई तिन्हीकडे एकच ठेवली होती, ती दर वेळी एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर बसवायची, वजन तोलायचं, कोन बघायचा. तासन्‌तास जायचे. वहीत मी तक्ता केला होता. त्या तक्त्यात भाऊंच्या वडिलांना मी 'लांब सूर' असं नाव दिलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सुईच्या टोकाला बारीक काळी भुकटी जमलेली दिसली. मी ती फुंकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती, पुन्हा फुंकली. लेथखालचा किस बघून कुठला धातू किती कापला गेलाय हे मी दुरून सांगायचो. ही भुकटी कशाची, हे मला कळलं नाही असं म्हणण्याची सोय मला नाही.

भाऊंचा दोनदा फोन आला. "झालं का साहेब? आई इचारती."

"थोडं थांबा, भाऊ. घाई केली तर खराब होईल," मी सांगितलं. दोन्ही वेळा तेच वाक्य.

तीन आठवड्यांनी सगळं मनासारखं जमलं. तिसरं यंत्र, म्हणजे थेट मोटरवरचं, भिंतीवरच्या फळीवर, मऊ स्प्रिंगांवर. दुपारी लाइनवर गाड्या कमी असतात ती वेळ निवडली. पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, बायकोला भांडी वाजवू नकोस म्हणून सांगितलं. कॉम्प्युटर सुरू केला आणि सुई टेकवली.

कानाला हेडफोन होते. मागे गुरगुर नव्हती, थरथर नव्हती, वेग सुईच्या टोकाइतकाही हलत नव्हता. आणि त्या निर्मळ शांततेत आवाज घोंगडीआडून यावा तसा येत होता. त्याच्यावर सारखा पिठासारखा हिस्स. तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर तरी होता. शेवटच्या कडव्यात, जिथे खाचा मध्याजवळ दाटतात आणि झीज सगळ्यात जास्त होते, तिथे शब्दच नव्हते, नुसती खरखर होती.

सुई खराब झाली असेल म्हणून मी ती बदलली आणि तबकडी आणखी दोनदा लावली. हेही लिहायला हवं.

मग भिंग घेऊन पाहिलं. पहिल्या दिवशी जी काळी, चकचकीत होती, ती राखाडी झाली होती. वहीतल्या ओळी मोजल्या. एकेचाळीस.

भाऊ आले तेव्हा मी त्यांना टेबलापाशी बसवून हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून जपून खाली ठेवले.

"लय लांबून येतोय आवाज," ते म्हणाले.

"जुनी आहे ना, भाऊ. लाख सुकते. जेवढं मिळालं तेवढं घेतलं."

"शेवट काय कळत न्हाई."

"तो भाग आधीच गेलेला होता."

त्यांनी मान हलवली. तबकडी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. दारात चपला घालताना म्हणाले, "तुमी व्हता म्हनून येवढं तरी झालं, साहेब." मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही. बायको गेली.

ती परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आधीच गेलेला होता म्हणजे? पहिल्या दिवशी तर मला ओट्यापाशी शब्दन्‌शब्द ऐकू आला होता."

तिने मोबाइल आणून माझ्यासमोर धरला. त्या पहिल्या दुपारी तिला आवाज फार आवडला म्हणून तिने दारात उभं राहून तुकडा रेकॉर्ड केला होता आणि मुलीला पाठवला होता. पन्नास-एक सेकंदांचा. त्यात कुकरची शिट्टी आहे, मागे इंजिनाचा भोंगा आहे, एकदा तिचा स्वतःचा खोकला आहे. आणि या सगळ्याच्या मधून तो माणूस स्पष्ट गातो आहे, अगदी समोर बसल्यासारखा. पहिलं कडवं आणि दुसऱ्याची सुरुवात.

"किती वेळा लावलीत तुम्ही ती?" तिने विचारलं. मी वही दाखवली. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "हे त्यांना सांगावं लागेल," एवढंच म्हणून ती आत गेली.

मी चार दिवस घालवले. फोनवर सांगू, पत्र लिहू, नुसता तुकडा पाठवून देऊ, असे सगळे मार्ग मनात चाचपून पाहिले. पाचव्या दिवशी सकाळी लोणावळ्याला जाऊन लोकलमध्ये बसलो. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. तळेगाव गेलं, घोरावाडी गेलं, मग बेगडेवाडी. वीस वर्षं ज्याच्याशी रोज बोललो त्याच्या घरी जायला एवढाच वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, बाजूला पत्र्याचं वर्कशॉप. भाऊंची आई पडवीत खाटेवर बसली होती. अंगाने काडी, पण नजर साफ. भाऊंनी खुर्ची पुसून दिली.

"आई, हे आमचं साहेब. तबकडीवाले."

"बसा बाबा," ती म्हणाली. "लय लांबनं आलात."

मी म्हणालो, "मावशी, त्यांचा आवाज आणलाय. थोडाच आहे, पण चांगला आहे." आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने तो कानाला लावला. आवाज सुरू झाला तशी तिची मान खाली गेली. संपलं तरी तिने मोबाइल काढला नाही. भाऊंनी पुन्हा लावून दिलं. असं चार वेळा झालं. मी त्यांच्या कुंपणाकडे बघत होतो.

मग तिने मोबाइल मांडीवर ठेवला. "ह्यात शेवट न्हाई."

"शेवट गेला आई," भाऊ म्हणाले. "तबकडी जुनी झालती."

"शेवटाला त्येंचं नाव येतं," ती मला समजावून सांगू लागली. "गानं रचनारा आपलं नाव घालतो ना, तसं. मी त्येंचं नाव कदी घेतलं न्हाई. आमच्यात घ्यायची चाल नव्हती. त्या तबकडीतच काय ते ऐकायची."

मी आलो होतो तेच सांगायला.

"भाऊ, ती जुनी झाली नव्हती. तुम्ही आणलीत तेव्हा शेवटसुद्धा चांगला होता. माझ्या हातून गेला."

भाऊ पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. तसेच राहिले. "म्हंजे?"

"मी ती फार वेळा लावली."

"किती येळा?"

"एकेचाळीस. वर आणखी दोन."

त्यांनी ते मनात नीट बसवून घेतलं असावं. मग विचारलं, "कशापायी?"

"माझ्याकडची तीन मशीनं आहेत ना. त्यांतलं कुठलं चांगलं, ते बघायला."

हे वाक्य खंडाळ्याच्या खोलीत मी कितीतरी वेळा मनात म्हटलं होतं आणि ते नेहमी बरं वाटलं होतं. त्या पडवीत ते मोठ्याने म्हणावं लागलं.

"मग कळलं का?" भाऊंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखादं माप बरोबर आलं का, असं शेडमध्ये विचारायचे तसंच विचारलं.

"कळलं."

"कुठलं?"

"तिसरं. थेट मोटरवरचं."

"बरं," ते म्हणाले, आणि आत गेले. आत पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

मावशींना आमचं बोलणं पूर्ण कळलं नव्हतं. "काय म्हनत व्हता तुमी?" त्यांनी विचारलं.

"मावशी, मी ती तबकडी चाळीसच्या वर वेळा वाजवली. म्हणून ती झिजली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. तो उजळलेला चेहरा आठवणीत जपायचा मला हक्क नाही, आणि तो विसरताही येत नाही.

"येवढं आवाडलं तुमाला?" त्या म्हणाल्या. "त्येंचं गानं लोकांना आवाडायचंच. कुठलं कडवं आवाडलं?"

मी एकेचाळीस वेळा ते गाणं ऐकलं होतं. सूर कुठे सुरू होतो, किती सेकंद टिकतो, कुठल्या यंत्रावर किती ढळतो, सगळं पाठ होतं. गाणं कशाबद्दल आहे ते मला माहीत नव्हतं. एकही शब्द माहीत नव्हता. त्या वाट बघत होत्या. मी म्हणालो, "सगळंच." त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मी आणखी एक खोटं बोलून उठलो.

निघताना भाऊ बाहेर आले. तो तुकडा मी त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिला. मी त्यांना सांगितलं की वेगळ्या जाडीची सुई लावली तर ती खाचेच्या न झिजलेल्या भागावर टेकते, कधीकधी त्यातून काही निघतं, पुण्यात असं काम करणारे आहेत, मी स्वतः घेऊन जाईन.

"म्हंजे आनी एकदा वाजवायची," ते म्हणाले.

"हो. एक-दोनदा."

"नको, साहेब. आता ती पेटीतच बरी."

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं ते सणावाराला, दोन वाक्यांचं. ते खंडाळ्याला आले नाहीत. मीही कुठलं काम काढून बोलावलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. बायको मात्र मावशींची चौकशी करायची, आणि तिला भाऊ मोकळेपणाने सांगायचे. मावशी रोज सकाळी तो तुकडा ऐकतात, एवढं मला तिच्याकडून कळलं.

सात-आठ महिन्यांनी मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भाऊंनी स्वतः फोन करून बोलावलं. आम्ही दोघं गेलो. घरासमोर मांडव होता, पांढऱ्या कपड्यांत नातेवाईक बसले होते. वंदना झाली, दोन-चार जण बोलले. मग भाऊ उठले आणि म्हणाले की आईला वडिलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकता आला. तो आवाज ह्या साहेबांच्या घरी मिळाला. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या माणसाने बसल्या जागेवरून मला हात जोडले. मग माइकजवळ मोबाइल धरून तो तुकडा लावला, आणि आमच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी मांडवभर वाजली. कुणी हसलं नाही.

जेवणं चालू झाल्यावर मी भाऊंना गाठलं. "असं का सांगितलंत?"

"खोटं काय सांगितलं? तुमच्या घरीच मिळाला न्हवं."

"भाऊ, तुम्हाला माहीत आहे."

"व्हय, माहीत हाय." ते पत्रावळ्यांचा गठ्ठा हातात घेऊन उभे होते. "मला इसरता येत न्हाई, साहेब. पर आईच्या दिवसात मला ते बोलायचं नव्हतं. तिनं सांगून ठेवलं व्हतं, तुमाला बोलवायचं. त्येंचं गानं येवढं आवाडणारा मानूस, म्हनली."

मग ते वाढायला गेले. माझ्या शेजारी त्यांची मुलगी येऊन बसली. ती पुण्यात बँकेत आहे. तिने पर्समधून एक वही काढली. मोबाइलात दीडच कडवं आहे म्हटल्यावर तिने आजीच्या मागे लागून बाकीचं गाणं उतरवून घेतलं होतं.

"बाबा म्हणाले, तुम्हाला दाखव," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि ते गाणं पहिल्यांदा वाचलं. एक गँगमन आपल्या बायकोला सांगतो आहे की मुलगा मोठा होईल, शाळेत जाईल, आणि तो अक्षरं गिरवायला लागेल तेव्हा आपण दोघंही त्याच्या शेजारी पाटी घेऊन बसू. जो शब्द ते दहा-बारा सेकंद धरून ठेवत होते तो 'पाटी' होता.

तीन कडवी लिहिलेली होती. चौथ्याला आजी थांबली, मुलगी म्हणाली. त्यात नाव आहे, मी म्हणणार नाही, असं म्हणून ती नुसती हसली. पुन्हा केव्हातरी विचारू म्हणून तिने पानावर चार ओळींची जागा सोडली होती. नाव घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. ओळी कुणालाच नाहीत.

मी वही मिटून तिला परत दिली. तिने विचारलं, "काका, तुम्ही तर इतक्या वेळा ऐकलंय. तुम्हाला काही आठवतं का?"